पासपोर्ट एक्सपिडायटरने फाइल अडकवलीये, फ्लाइट आठ दिवसांवर: आधी कागद शोधा, पैशांचं नंतर बघू

ताई, तुमचा मेसेज दोनदा नीट वाचला. थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला, मुलगा सात वर्षांचा, जन्म इथलाच, त्याचा अमेरिकन पासपोर्ट संपला. साताऱ्यात तुमच्या आईंची तब्येत महिनाभर खालावतेय, आता आयसीयूत आहेत. पासपोर्ट पटकन हवा म्हणून तुम्ही नेटवर एक एक्सपिडायटर, म्हणजे पैसे घेऊन पासपोर्ट लवकर काढून देणारी खाजगी कंपनी शोधली, त्यांना ३९९ डॉलर कार्डाने दिले, सरकारी फी वेगळी. दोघं नवरा-बायको मुलाला घेऊन पोस्ट ऑफिसात गेलात, डीएस-११ म्हणजे नव्याने पासपोर्ट काढायचा अर्ज भरला, क्लार्कने पाकीट सील करून हातात दिलं आणि ते तुम्ही ओव्हरनाइटने कंपनीला पाठवलं. कंपनी म्हणाली होती सात कामाचे दिवस. आज एकोणिसावा दिवस आहे, पोर्टलवर नुसतं इन प्रोसेस दिसतंय, फोनवरची मुलगी रोज नवीन तिकीट नंबर देते आणि नेवार्कहून मुंबईची फ्लाइट आठ दिवसांवर आलीये. तुम्ही विचारलंय की पैसे कसे परत मिळवू आणि कंपनीची तक्रार कुठे करू.

मी चौदा वर्षं याच कामात आहे. पहिली सहा वर्षं मॅनहॅटनमधल्या एका कुरियर कंपनीत होतो, रोज सकाळी हडसन स्ट्रीटच्या सरकारी पासपोर्ट एजन्सीत फायली घेऊन जायच्या आणि दुपारी तयार झालेले पासपोर्ट घेऊन यायचे. आता लोकांचे अडकलेले कागद सोडवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो, पैशांचा आणि तक्रारीचा विषय आज बाजूला ठेवा. तो चार आठवड्यांनीही करता येतो, त्याला मुदत आहे पण भरपूर आहे. आज एकच शोधायचं, तुमचं ते सील केलेलं पाकीट या क्षणी कुणाच्या टेबलावर आहे. पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे आणि कंपनी ते तुम्हाला सरळ सांगणार नाही.

पाकीट दोनच ठिकाणी असू शकतं. एक तर अजून कंपनीच्या ऑफिसात पडलंय, नाहीतर पासपोर्ट एजन्सीत जमा झालंय. हे कंपनीला न विचारता कळतं. पाकिटात तुम्ही सरकारी फीचा चेक टाकला असेल, मुलाचे १०० आणि एक्सपिडाइटचे, म्हणजे काम लवकर करून द्यायचे ६० म्हणजे १६० डॉलरचा, यूएस डिपार्टमेंट ऑफ स्टेटच्या नावाने. (पोस्टात दिलेले ३५ वेगळे, ते अर्ज स्वीकारायचे असतात.) बँकेच्या अॅपमध्ये जा, तो चेक वटलाय का बघा. वटला असेल तर अर्ज सरकारकडे पोचला, विषय संपला. चेकच्या फोटोवर क्लिक करून मागची-पुढची बाजू मोठी करून बघा, बऱ्याचदा त्यावर नऊ आकडी नंबर छापलेला असतो, तोच अर्जाचा लोकेटर नंबर. मी कित्येक लोकांना हा नंबर त्यांच्याच बँकेच्या अॅपमध्ये दाखवलाय, तोपर्यंत कंपनी त्यांना सांगत होती की नंबर अजून मिळाला नाही.

चेक वटलेला नसेल तर स्टेट डिपार्टमेंटच्या साइटवर ऑनलाइन स्टेटस बघा, मुलाचं आडनाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे टाकायचे. आडनाव अर्जावर जसं लिहिलंय तसंच टाका, जोडाक्षरं आणि डबल ए वाली आपली आडनावं लोक घाईत वेगळी टाकतात आणि नॉट फाउंड आलं की घाबरतात. पोस्टाने गेलेला अर्ज दिसायला दोन आठवडे लागू शकतात हे खरं आहे, पण कुरियरने एजन्सीच्या खिडकीवर हातात दिलेली फाइल एकोणीस दिवस अदृश्य राहत नाही. चेक वटलेला नाही आणि स्टेटसही नॉट फाउंड, असं असेल तर पाकीट कंपनीत आहे असंच धरून चाला, मग ते फोनवर काहीही सांगोत.

हे असं का होतं ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की या कंपन्यांची आत कुठे ओळख असते. तसं काही नसतं. एजन्सीत नोंदणी असलेल्या कुरियर कंपनीला रोज ठरावीक संख्येनेच फायली देता येतात, त्याला आम्ही स्लॉट म्हणायचो. कंपनीकडे विकायला तेवढी एकच गोष्ट असते, ते स्लॉट. आमच्या ऑफिसात सकाळी साडेसातला टेबलावर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीत एक अर्ज, वर प्रवासाच्या तारखेची चिठ्ठी. स्लॉटपेक्षा पिशव्या जास्त झाल्या की ज्यांची फ्लाइट लांब त्यांच्या पिशव्या उद्याच्या ट्रेमध्ये जायच्या. उद्या परत तेच. मालकाने पैसे घ्यायचं थांबवलं तर हे होणार नाही, पण सीझनमध्ये कुणी थांबवत नाही. त्यात भर म्हणजे नेटवर दिसणाऱ्या कित्येक कंपन्यांकडे स्वतःचे स्लॉटच नसतात, त्या तुमचं पाकीट उघडून बघतात, सगळे कागद बरोबर आहेत का ते तपासतात आणि दुसऱ्या एखाद्या कुरियरकडे पाठवतात. डीएस-११ चं सील केलेलं पाकीट तर त्यांनी उघडायचंही नसतं. म्हणजे तुमची सात दिवसांची घड्याळं दोन-दोन ऑफिसात वेगवेगळी चालतात. आणि अटींमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सात दिवस हे एजन्सीत फाइल दिल्यापासून मोजायचे, तुम्ही पाठवल्यापासून नाही. स्टेट डिपार्टमेंट स्वतः स्पष्ट सांगतं की तुम्ही स्वतः अपॉइंटमेंट घेऊन एजन्सीत गेलात त्यापेक्षा लवकर पासपोर्ट या कंपन्या आणू शकत नाहीत. हे वाक्य मला पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, कारण मी स्वतः लोकांना फोनवर उलटंच सांगायचो आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात हे सगळ्यात वाईट होतं. तेव्हा साधा पासपोर्ट १० ते १३ आठवडे आणि एक्सपिडाइट ७ ते ९ आठवडे चालला होता. त्या आर्थिक वर्षात सरकारने २ कोटी ४० लाखांच्या वर पासपोर्ट बुक आणि कार्डं काढली. आता परिस्थिती बरीच सुधारलीये, साधा ४ ते ६ आठवडे, एक्सपिडाइट २ ते ३ आठवडे, पोस्टाने जायचे-यायचे दिवस वेगळे. म्हणजे ताई, तुम्ही त्याच दिवशी पोस्टात ६० डॉलर जास्त भरून आणि परतीच्या १-२ दिवसांच्या डिलिव्हरीचे २२ डॉलर ५ सेंट भरून सरळ पाठवलं असतं तर आज साधारण याच टप्प्यावर असता. हे तुम्हाला दोष द्यायला सांगत नाहीये, आई आजारी असताना माणूस जे पहिलं दिसेल ते धरतो. पुढच्या वेळी लक्षात राहावं म्हणून.

आता तुमच्या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात. आई आयसीयूत आहेत. पासपोर्ट एजन्सीच्या दोन वेगळ्या अपॉइंटमेंट असतात. एक अर्जंट ट्रॅव्हल, १४ दिवसांत परदेशी जायचं असेल तर. दुसरी लाइफ ऑर डेथ इमर्जन्सी, जवळच्या नातेवाइकाचं परदेशात निधन झालंय किंवा जिवावर बेतलेला आजार आहे अशांसाठी. आता तुम्ही म्हणाल की आई माझी, पासपोर्ट मुलाचा. पण या नियमात आजी-आजोबा जवळचे नातेवाईक म्हणून धरतात. आई-वडील, मुलं, नवरा-बायको, भाऊ-बहीण, आजी-आजोबा. काका, मामा, मावशी, चुलत भावंडं धरत नाहीत, आपल्याकडे ज्या मावशीने लहानाचं मोठं केलं तिच्यासाठीसुद्धा नाही, आणि हे सांगताना मला फोनवर लोकांचं रडणं ऐकावं लागलंय. तुमच्या मुलाची मात्र ती सख्खी आजी आहे. तुमची केस या दुसऱ्या प्रकारात बसते आणि कंपनीने तुम्हाला हे एकदाही विचारलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आलाय. पहिल्याच फोनला विचारायचा प्रश्न आहे हा, कशासाठी जाताय.

नंबर १-८७७-४८७-२७७८, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते रात्री १०, ईस्टर्न टाइम. शनिवार-रविवार किंवा सुट्टी असेल आणि लाइफ ऑर डेथचंच काम असेल तर २०२-६४७-४०००. सकाळी ठीक आठला लावा. फोनवर पहिलं वाक्य हे बोला की सात वर्षांच्या मुलाची आजी भारतात आयसीयूत आहे, प्रवासाची तारीख अमुक, आणि अर्ज एका कुरियर कंपनीकडे दिलेला आहे, तो तुमच्याकडे जमा झालाय का ते बघा. कंपनीची कर्मकहाणी सांगत बसू नका, त्या माणसाला त्याचं काही करता येत नाही आणि तुमची पाच मिनिटं जातात. न्यूयॉर्कला जागा नसेल तर थांबू नका, फिलाडेल्फियाची एजन्सी चेस्टनट स्ट्रीटवर आहे, एडिसनहून गाडीने दीड तासाच्या आसपास, कनेक्टिकटमध्ये स्टॅमफर्डला आहे, कुठलीही चालते. आज नाही म्हणाले तर दुपारी परत फोन करा, लोक अपॉइंटमेंट रद्द करतात आणि ती जागा दुसऱ्या फोन करणाऱ्याला मिळते. आणि या अपॉइंटमेंटला पैसे नसतात. कुणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर अपॉइंटमेंट विकतोय असं दिसलं तर ती फसवणूक आहे, २०२३ ला आपल्या लोकांनीही अशा जागांना पैसे मोजलेत.

आता इथून दोन फाटे फुटतात. जर फोनवर कळलं की अर्ज सरकारकडे जमा आहे, तर काहीही झालं तरी दुसरा अर्ज भरू नका. एकाच मुलाचे दोन अर्ज सिस्टीममध्ये गेले की दोन्ही अडकतात. जो अर्ज आहे त्यालाच लाइफ ऑर डेथ किंवा अर्जंट ट्रॅव्हलची नोंद लावून घ्या, कुठल्या एजन्सीत आहे ते विचारा आणि तिथे जाऊन घ्यायची सोय होते का ते विचारा.

जर जमा नाही असं कळलं, तर पाकीट कंपनीकडून परत आणायचं. का, तर मुलाचं मूळ बर्थ सर्टिफिकेट आणि जुना पासपोर्ट त्यातच आहेत. लगेच ईमेल लिहा, फोन नाही, ईमेल. त्यात तीनच गोष्टी. फाइल कुठल्या एजन्सीत कुठल्या तारखेला जमा केली ते सांगा. केली नसेल तर सील न उघडता आजच्या ओव्हरनाइटने परत पाठवा आणि ट्रॅकिंग नंबर द्या. उद्या दुपारी बारापर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही स्वतः येऊन घेऊन जाऊ. ऑफिस गाडीने जाण्यासारखं असेल तर खरंच जा. मी दोन-तीनदा लोकांसोबत असा गेलोय, समोर माणूस उभा राहिला की दहा मिनिटांत पाकीट ट्रेमधून निघतं. या ईमेलमध्ये पैशांचं, वकिलाचं, कार्ड डिस्प्यूटचं (कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत मागायचं) अवाक्षर काढू नका. काही कंपन्या डिस्प्यूटचं नाव ऐकलं की फाइल होल्डवर टाकतात आणि डिस्प्यूट मागे घ्या मग कागद देतो म्हणतात. कागद हातात येईपर्यंत गोड बोला.

त्याच वेळी समांतर एक काम करून ठेवा, ज्या शहरात मुलगा जन्मला तिथल्या व्हायटल रेकॉर्ड्स ऑफिसातून बर्थ सर्टिफिकेटची दुसरी सर्टिफाइड कॉपी काढा. न्यू जर्सीत जन्म असेल तर त्या गावच्या रजिस्ट्रारकडे समोर जाऊन लवकर मिळते. कंपनीने पाकीट दिलंच नाही तरी मग तुम्ही नवीन डीएस-११ घेऊन अपॉइंटमेंटला जाऊ शकता. आणि इथे सगळ्यात मोठी चूक लोक करतात ती सांगतो. रागाच्या भरात जुना पासपोर्ट हरवला म्हणून डीएस-६४ भरतात. तो एकदा भरला की तो पासपोर्ट कायमचा रद्द, नंतर सापडला तरी वापरता येत नाही. तुमच्या मुलाचा संपलेलाच आहे त्यामुळे तेवढं नुकसान नाही, पण ज्यांचा पासपोर्ट अजून चालू आहे आणि नुसता कंपनीच्या ऑफिसात पडलाय त्यांनी हे करायच्या आधी दहा वेळा विचार करा.

अपॉइंटमेंटला जाताना आई-वडील दोघं आणि मुलगा, तिघंही लागतात. सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि तो पोस्टाने रिन्यू होत नाही, दरवेळी नव्याने अर्ज आणि दोघांची हजेरी. यजमान बाहेरगावी असतील तर डीएस-३०५३ या संमतीच्या फॉर्मवर नोटरीसमोर सही आणि त्यांच्या आयडीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, तीन महिन्यांच्या आतली. फोटो दोन बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नको, २०१६ पासून चष्मा चालत नाही. तिकिटाचा प्रिंट.

आणि हॉस्पिटलचं पत्र. यात आपल्या लोकांची दोन ठिकाणी अडचण होते. पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सहीचं, इंग्रजीत पाहिजे, आणि आजार जिवावरचा आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आपल्याकडे बरेच डॉक्टर नुसतं अॅडमिट आहेत, उपचार सुरू आहेत असं लिहून देतात, तेवढ्यावर काम होत नाही. मराठीत काही असेल, म्हणजे दुर्दैवाने नगरपालिकेचा दाखला वगैरे द्यायची वेळ आली, तर इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते घरच्या घरी केलेलं नको, व्यावसायिक भाषांतरकाराकडून करून घ्या. दुसरी अडचण नावाची. आईंचं केसपेपरवर नाव घरात हाक मारतात ते असतं, आधारवर लग्नानंतरचं, आणि तुमच्या कागदांवर आणखी तिसरंच. एका काकूंच्या बाबतीत हॉस्पिटलने शकू असं लिहिलं होतं आणि बाकी सगळीकडे शकुंतला. तुमच्याकडे तुमचा जुना भारतीय पासपोर्ट असेल तर त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव छापलेलं असतं. भावाला सांगा की डॉक्टरांच्या पत्रात हुबेहूब तेच स्पेलिंग घाला. आणि तो जुना पासपोर्ट सोबत ठेवा, नातं दाखवायला कामाला येतो, मागतीलच असं नाही पण जवळ असू दे.

हे सगळं चालू असताना तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला फोन करा. मला माहितीये आपल्या लोकांना हे मोठं वाटतं, आपण कशाला खासदाराकडे जायचं. पण इथे ते त्यांचं रोजचं काम आहे, पासपोर्टची कामं करणारी माणसं त्यांच्या स्थानिक ऑफिसात नेमलेलीच असतात. वॉशिंग्टनच्या ऑफिसला नाही, जिल्ह्यातल्या ऑफिसला फोन करायचा. ते एक प्रायव्हसी रिलीज फॉर्म पाठवतात, तुम्ही दोघं सही करून तिकीट आणि हॉस्पिटलचं पत्र जोडून त्याच दिवशी परत द्या. ते एजन्सीला विचारणा पाठवतात. अर्ज सरकारकडे असेल पण कुठे आहे कळत नसेल तेव्हा याचा खूप उपयोग होतो. अर्ज कंपनीच्या ट्रेमध्येच असेल तर मात्र ते काही करू शकत नाहीत, म्हणून आधी पाकिटाचा शोध.

पासपोर्ट मिळाला की ओसीआयचं (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्ड) काय, हा पुढचा प्रश्न तुम्हाला पडेलच. मुलाकडे ओसीआय आहे असं धरतो. २०२१ पासून वीस वर्षांखालच्या मुलाला नवीन पासपोर्ट आला म्हणून ओसीआय बदलून घ्यावं लागत नाही, नवीन पासपोर्टची कॉपी आणि फोटो तीन महिन्यांत ऑनलाइन अपलोड करायचा, फुकट आहे, आणि ते बाकी असताना प्रवासाला अडचण नाही. तरी जुना पासपोर्ट सोबत ठेवा, काउंटरवरच्या माणसाला नंबर जुळवून दाखवायला बरं पडतं. ओसीआय नसेल तर ई-व्हिसा, पण तो किमान चार दिवस आधी भरायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे पासपोर्ट हातात पडल्यावर एक दिवसही वाया घालवायला नाही.

आता पैसे. कागद हातात आल्यावर. पहिलं म्हणजे तुम्ही कार्डाने भरलेत हे फार चांगलं केलंत, आणि ते क्रेडिट कार्ड असेल तर आणखी चांगलं. फेअर क्रेडिट बिलिंग अॅक्ट म्हणून कायदा आहे, ठरल्याप्रमाणे सेवा दिली नाही हे त्यात धरलं जातं. ज्या स्टेटमेंटवर तो खर्च पहिल्यांदा आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला लेखी कळवायचं, त्यांनी ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमध्ये, जास्तीत जास्त ९० दिवसांत निकाल लावायचा. ज्यांनी झेलने, म्हणजे बँकेच्या अॅपमधून थेट, पैसे दिलेत त्यांना हे संरक्षण नाही. ग्रुपमधल्या कुणी ओळखीचा माणूस आहे, झेल कर म्हटलं तरी पासपोर्टच्या कामाला झेल करू नका.

डिस्प्यूट जिंकायला कागद लागतात, भावना नाहीत. सात दिवस लिहिलेलं पान आत्ताच, आज रात्रीच स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण मी बघितलंय, तक्रारी वाढल्या की साइटवरचा आकडा बदलतो. तुमच्या ओव्हरनाइटची पावती आणि ज्या दिवशी त्यांनी सही करून पाकीट घेतलं तो ट्रॅकिंगचा प्रिंट. चेक कधी वटला किंवा वटलाच नाही हे बँकेतून. सगळ्या ईमेल. फोन झाले असतील तर वहीत तारीख, वेळ, काय म्हणाले. मागणी नेमकी ठेवा, ३९९ डॉलर सेवेची फी आणि तुम्ही परत भरलेला कुरियरचा खर्च. सरकारी फी कंपनीकडे मागू नका, ती त्यांच्याकडे गेलेलीच नाही, आणि ती मिसळली की तुमची मागणी कच्ची दिसते. पोस्टातले ३५ परत मिळत नाहीत. एक्सपिडाइटचे ६० मात्र, सरकारकडून ठरलेल्या वेळेत काम झालं नाही तर स्टेट डिपार्टमेंटकडे वेगळा अर्ज करून मागता येतात.

कंपनी बहुतेक आधी अर्धे परत देऊ म्हणेल. घ्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण त्यासोबत आम्ही रिव्ह्यू टाकणार नाही, तक्रार करणार नाही अशा कागदावर सही करू नका. कार्ड कंपनीने तुमच्या विरुद्ध निकाल दिला तर न्यू जर्सीत स्मॉल क्लेम्स कोर्ट ५,००० डॉलरपर्यंतचे दावे घेतं, वकील लागत नाही. तक्रार एफटीसीच्या (फेडरल ट्रेड कमिशन, ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी केंद्र सरकारची संस्था) साइटवर आणि न्यू जर्सीच्या कन्झ्युमर अफेअर्स विभागाकडे करा. एफटीसी तुमच्या एकट्याचे पैसे आणून देत नाही, पण एकाच कंपनीच्या शंभर तक्रारी साठल्या की त्यांना काही करता येतं, म्हणून पैसे परत मिळाले तरी करा.

अजून दोन गोष्टी. पाकिटात मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर आहे, जन्मतारीख आहे. कंपनी फोनच उचलेनाशी झाली तर मुलाच्या नावावर तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन, फ्रीझ लावा, म्हणजे त्याच्या नावावर कुणाला कर्ज किंवा कार्ड काढता येत नाही. २०१८ पासून हे फुकट आहे आणि सोळा वर्षांखालच्या मुलासाठी आई-वडील लावू शकतात. तुमचेही नंबर अर्जावर गेले असतील तर तुमच्यावरही.

दुसरी गोष्ट बाकी वाचणाऱ्यांसाठी, जे नुकतेच सिटिझन झालेत. पहिल्या पासपोर्टसाठी मूळ नॅचरलायझेशन सर्टिफिकेट पाठवावं लागतं. आमच्या ऑफिसात एका आजोबांचं ते सर्टिफिकेट, वर फोटो चिकटवलेलं, तीन आठवडे सापडत नव्हतं, शेवटी एका मोठ्या पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून बसलेलं मिळालं. आजोबा रोज दुपारी फोन करायचे आणि फक्त एवढंच विचारायचे, बाळा, सापडलं का. ते हरवलं असतं तर दुसरं सर्टिफिकेट मागायचा एन-५६५ फॉर्म भरून ५०० डॉलरच्या वर फी आणि कित्येक महिने वाट. म्हणून असा कागद खाजगी कंपनीच्या हातात देण्यापेक्षा स्वतः एजन्सीत न्या. आणि पासपोर्ट आला पण सर्टिफिकेट आलं नाही म्हणून लगेच घाबरू नका, ते वेगळ्या पाकिटात येतं, चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

मी सगळ्याच एक्सपिडायटरांना वाईट म्हणत नाही. जवळ एजन्सीच नाही, माणूस नोकरी सोडून चार तास गाडी चालवू शकत नाही, किंवा ऑफिसच्या कामाला पासपोर्टसोबत दोन-तीन देशांचे व्हिसा लागतात, अशांना चांगली कंपनी खरंच कामाची असते, आणि चांगली कंपनी कोणती हे एका प्रश्नात कळतं. पैसे द्यायच्या आधी विचारा, माझ्या फाइलचा स्लॉट कुठल्या एजन्सीत, कुठल्या तारखेचा आहे. तारीख सांगितली तर पुढे बोला. नुसतं काळजी करू नका म्हणाले तर फोन ठेवा.

ताई, तुमचा मेसेज रात्री साडेदहाला आलाय, म्हणजे साताऱ्यात आत्ता सकाळचे आठ. डॉक्टर राउंडला येतील. भावाला आत्ताच फोन करा आणि पत्राचा मजकूर त्याला व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवा, आईंचं नाव तुमच्या जुन्या पासपोर्टवरून बघून. पत्राची पीडीएफ सकाळी उठायच्या आत तुमच्या फोनवर असेल, आठला फोन लावायच्या आधी तिचा प्रिंट काढून ठेवा. चेकचं काय झालं ते मात्र मला आज रात्रीच कळवा, मी जागा आहे.